न ठरवता दिवस राहिले तर...

नायिकेला भोवळ येते, ती तोंडाला पदर लावून मोरीकडे धावते, घरी आलेले डॉक्टरकाका डोळे मिटून तिचे मनगट धरतात आणि हसून सांगतात, पेढे वाटा! आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी पडद्यावर गर्भधारणेचे वैद्यकशास्त्र एवढेच पाहिले. नाडीवरून गर्भ कळत नाही, हे सांगितले तर आजही काही ज्येष्ठ वाचक नाराज होतात. पण कळत नाही हे खरे. कळतो तो लघवीच्या तपासणीत, आणि तोही गर्भ गर्भाशयात रुजल्यानंतर काही दिवसांनी.

गेल्या पंचवीस वर्षांत पडदा मात्र बदलला. २००० साली 'क्या कहना'मध्ये लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी नायिका झाली. २००५ साली 'सलाम नमस्ते'मध्ये मेलबर्नला लग्नाशिवाय एकत्र राहणारे जोडपे याच पेचात सापडले. २०१८ साली 'बधाई हो'मध्ये लग्नाच्या वयाचा मुलगा घरात असताना आईलाच दिवस राहिले. त्याच वर्षी डिसेंबरात सतीश राजवाडे यांचा 'मुंबई-पुणे-मुंबई ३' आला. त्यात स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांचे गौतम-गौरी हे रीतसर लग्न झालेले, नोकरीत रमलेले जोडपे आहे. मूल इतक्यात नको असे त्यांच्या मनात असते, आणि नेमके तेव्हाच दिवस राहतात.

या शेवटच्या चित्रपटावरून प्रेक्षकांत दोन तट पडले. एका तटाला तो मनापासून आवडला. बातमी कळल्यावर आनंदाआधी भीती वाटते, नवऱ्याला आपण बाप व्हायला लायक आहोत का हा प्रश्न पडतो, हे कोणीतरी मोकळेपणाने दाखवले, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या तटाला तो लांबलेला आणि गुळमट वाटला. ज्या घरात पैसा, शिक्षण आणि दोन्हीकडचे हौशी आजी-आजोबा आहेत तिथे प्रश्न तरी कसला, असे ते विचारत. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत याहून निराळे होते: लग्न झाले, आता मूल होणारच, त्यात तीन तासांचा चित्रपट काय काढायचा!

सिनेमा चांगला की वाईट हे ठरवणे या सदराचे काम नाही. मात्र या साऱ्या चर्चेत एक गोष्ट हरवते. सगळा वाद ठेवायचे की नाही यावर रंगतो. डॉक्टरपुढचा पहिला प्रश्न त्याहून साधा असतो: किती दिवस झाले?

हा हिशेब बहुतेकांचा चुकतो. गर्भाचे वय संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईची पाळी चुकली, त्या दिवशीच ती वैद्यकीय हिशेबाने चार आठवड्यांची गर्भवती असते. आठ-दहा दिवस वाट पाहू, वेचणीचे दिवस आहेत, कामाच्या दगदगीने लांबली असेल, असे करता करता सहा आठवडे होतात. लाजेपोटी पुढचा महिना जातो. मग 'दोनच महिने झाले हो' म्हणत आलेली बाई सोनोग्राफीत चौदा आठवड्यांची निघते. तिने खोटे सांगितलेले नसते, तिची मोजायची रीत वेगळी असते.

पाळी चुकून चार-पाच दिवस झाले की घरच्या घरी तपासणी करता येते. सरकारी 'निश्चय' पट्टी आशा कार्यकर्तीकडे मिळते, औषधांच्या दुकानातही अशा पट्ट्या मिळतात. सकाळची पहिली लघवी घ्यावी, दोन-तीन थेंब पट्टीवर टाकावे आणि पाच मिनिटांत पाहावे. एक रेघ म्हणजे गर्भ नाही, दोन रेघा म्हणजे आहे. अर्ध्या तासाने उमटलेली पुसट रेघ धरू नये. एकच रेघ आली पण पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावे. एवढ्यावर दोन-चार आठवडे वाचतात आणि पुढचा सगळा मार्ग सोपा होतो, मूल हवे असो वा नको.

हवे असणाऱ्यांसाठीही हे महत्त्वाचे का, ते सांगतो. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो, ती गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांत मिटून पूर्ण होते. आईला बातमी कळते न कळते तोवर हे काम उरकलेले असते. ती नळी नीट मिटण्यासाठी फॉलिक ॲसिड लागते आणि ते गर्भ राहण्याच्या महिनाभर आधीपासून अंगात असावे लागते. ठरवून राहिलेल्या आणि न ठरवता राहिलेल्या गर्भात हा खरा फरक आहे, प्रेमाचा नव्हे. म्हणून ज्या लग्न झालेल्या मुलीने पाळणा लांबवण्याचा पक्का उपाय घेतलेला नाही, तिने फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी घ्यायला हरकत नाही. न कळता गर्भ राहिला आणि मधल्या काळात तापाची किंवा डोकेदुखीची गोळी घेतली गेली, म्हणून घाबरून गर्भ पाडायला धावू नये. बहुतेक साध्या औषधांनी काही बिघडत नाही. फिटचे, रक्तदाबाचे, थायरॉइडचे किंवा मुरुमांचे औषध चालू असेल तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे, आणि आपल्या मनाने औषध बंदही करू नये.

आता गर्भ न ठरवता राहतो कसा? सिनेमात तो एका पावसाळी रात्रीत राहतो. प्रत्यक्षात तो बहुधा अर्ध्यामुर्ध्या उपायांवर भिस्त ठेवल्याने राहतो. कोणताही उपाय न करणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे पंचाऐंशी जणींना वर्षभरात दिवस जातात. निरोध वापरणाऱ्यांत, माणसे तो जसा वापरतात तसा धरला तर, शंभरात तेराच्या आसपास. रोजच्या गोळ्यांत सुमारे सात, कारण गोळी विसरते. तांबीत शंभरात एकही नाही. बायका म्हणतात तांबी वर सरकते, काळजात जाते. तशी ती जात नाही, गर्भाशयाला तिकडे वाटच नाही. क्वचित ती निसटते किंवा गर्भाशयाच्या बाहेर पोटात शिरते, म्हणून धागा तपासून घ्यावा लागतो, एवढेच.

अंगावर पिणारे मूल असेपर्यंत दिवस राहत नाहीत, हा आपल्या भागातला सर्वांत महागात पडणारा समज. तो खोटा नाही, अर्धा खरा आहे. मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर असेल, वरचे पाणीसुद्धा नसेल आणि आईची पाळी सुरू झाली नसेल, तरच तो लागू पडतो. तीनपैकी एक अट मोडली की भरवसा संपला. बाळंतपणानंतर पाळी येण्याआधीच स्त्रीबीज सुटते, त्यामुळे पाळी न येताच पुन्हा दिवस राहतात आणि चार-पाच महिने कोणाला पत्ता लागत नाही. दवाखान्यात बाळंतपण होत असेल तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत तांबी बसवून घेता येते. हे बाळंतपणाआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावे. तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळी हे उपायही आता सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिचा शोध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत लागला, म्हणजे गोळी आपल्याच देशातली आहे.

पुरुषांच्या नसबंदीबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण तिच्यापायी संसार मोडतात. नसबंदी झाली त्या दिवसापासून माणूस सुरक्षित होत नाही. नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात. तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचे असते. हे न सांगितल्याने किंवा न ऐकल्याने त्या तीन महिन्यांत बायकोला दिवस राहतात आणि घरात संशयाचे भूत शिरते. बाईच्या शस्त्रक्रियेनंतरही दोनशेत एखादीला पुन्हा दिवस राहू शकतात. अशा वेळी आधी तपासणी करावी, तोंड नंतर उघडावे. शस्त्रक्रिया फसली तर सरकारकडून भरपाई मिळण्याची योजना आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेचा दाखला जपून ठेवावा.

हे सारे जाहीर बोलायला आपल्याकडे आजही जीभ अडते. र. धों. कर्वे या गणिताच्या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यांची नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्या मासिकात छापलेले बरेचसे आज आशाताई दारात उभी राहून सांगते. ऐकणारीचा चेहरा मात्र अजून तसाच खाली जातो.

औषधांच्या दुकानात दोन गोळ्यांची सर्रास गल्लत होते. एक तातडीची गोळी. निरोध फाटला, रोजची गोळी विसरली किंवा जबरदस्ती झाली, तर बहात्तर तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली, ती एक गोळी घ्यायची. ती बीज सुटणे लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. पुढच्या संबंधांपासून ती संरक्षण देत नाही. ती घेतल्यावर पाळी थोडी पुढेमागे होते, पण आठवड्याहून जास्त लांबली तर पट्टीवर तपासावे.

दुसरी गर्भपाताची. ती एक गोळी नसून दोन वेगवेगळ्या औषधांचा संच असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंत तो वापरता येतो आणि बहुतेकींना त्याने शस्त्रक्रियेशिवाय मोकळे होता येते. मग दुकानातून परस्पर आणून घेतला तर काय बिघडते? पहिले म्हणजे आठवडे चुकलेले असतात. दुसरे, गर्भ गर्भाशयात नसून नळीत असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही, नळी फुटते आणि पोटातच रक्तस्राव होतो. रक्त आले म्हणजे काम झाले, असे समजून बाई घरीच राहते. तिसरे, आपल्याकडच्या कित्येक बायकांच्या अंगात मुळात रक्तच कमी असते. तासाला दोन मोठे पॅड भिजू लागले आणि असे सलग दोन तास चालले, ताप आला, पोटात एका बाजूला जीवघेणी कळ आली किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रात्र असली तरी १०८ ची गाडी बोलवावी. कोणी काय म्हणेल याचा विचार उद्या करावा.

चित्रपटांबद्दलची माझी एक तक्रार इथे नोंदवतो. प्रेमकथेतली नायिका कधी दवाखान्याच्या पायरीवरून माघारी वळते, कधी तो विषय तोंडानेच झटकून टाकते. 'सलाम नमस्ते'मध्ये ती माघारी फिरते, 'बधाई हो'मधली आई नकार देते. अमेरिकेत २००७ साली 'नॉक्ड अप' हा असाच विनोदी चित्रपट गाजला. त्यात पात्रे गर्भपात हा शब्दसुद्धा सरळ उच्चारत नाहीत, त्याच्यासारखा ऐकू येणारा शब्द वापरून वेळ मारून नेतात. त्यावरून तिकडेही प्रेक्षक भांडले, आणि खुद्द नायिका कॅथरीन हायगल हिनेच नंतर चित्रपट स्त्रियांना थोडा कमी लेखतो असे म्हटले. गोड शेवटासाठी पाळण्यात बाळ लागते, हे समजते. पण सिनेमा पाहून आलेल्या मुलीला असे वाटते की तो रस्ता बंदच आहे, किंवा बेकायदा आहे. तो बेकायदा नाही.

आपल्या देशात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला. २०२१ मध्ये तो सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, प्रशिक्षित डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ते बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा वा घटस्फोटित झालेली अशा ठरावीक स्त्रियांसाठी आहे. गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यानंतरही वैद्यकीय मंडळाकडे जाता येते. कायद्यात पूर्वी 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असे शब्द होते, ते बदलून 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे झाले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांची तरतूद लागू असल्याचे सांगितले.

अठरा वर्षांवरील स्त्रीला स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, सासूची तर नाहीच. तरी कित्येक ठिकाणी ती मागितली जाते. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, ते फोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गर्भलिंगनिदान हा याहून संपूर्ण वेगळा विषय आहे आणि तो गुन्हाच आहे. दोन्ही कायद्यांची सरमिसळ झाल्याने गरजू बाई भोंदूच्या हाती सापडते. नवरा-बायकोने मिळून ठरवले तर उत्तम, गौतम-गौरी तेच करू पाहतात. पण मतभेद झालाच तर शरीर जिचे, तिचा शब्द शेवटचा.

यवतमाळच्या वाचकाला हे सगळे वाचताना झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा इकडची गावे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. कोलाम, गोंड समाजातल्या कोवळ्या मुलींना लग्नाचे वचन देऊन, कामाच्या निमित्ताने आलेल्या बाहेरच्या माणसांनी फसवले आणि त्या कुमारी माता झाल्या, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात कित्येक वर्षे बातम्यांत आहे. तिथे कोणी नायक परत येत नाही. त्या मुलीला दिवस राहिल्याचे घरच्यांना पोट दिसू लागल्यावर कळते. तोवर वीस आठवडे उलटलेले असतात आणि कायद्याने दिलेली मोकळीक आकसत जाते. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर हा लैंगिक अत्याचाराचा गुन्हा ठरतो आणि पोलिसांना कळवणे डॉक्टरला भाग असते. या धास्तीने घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. पण त्याच २०२२ च्या निकालात असेही सांगितले आहे की मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना मुलीचे नाव-गाव देण्याची गरज नाही. ही ओळ प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावी अशी आहे. मुलांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी अशा वेळी फुकट लागतो.

दिवस भरत आले असतील आणि मूल सांभाळणे शक्य नसेल, तर तेही लपूनछपून कोणाच्या पदरात टाकू नये. बाल कल्याण समितीपुढे लेखी देऊन मूल रीतसर सोपवता येते. आईचे मन बदलले तर ते परत घेण्यासाठी दोन महिन्यांची मुदत असते. बाळंतपण मात्र दवाखान्यातच व्हावे. सतरा वर्षांच्या मुलीला रक्तदाब वाढण्याचा, झटके येण्याचा आणि अडून बसण्याचा धोका मोठ्या बाईपेक्षा जास्त असतो, आणि शेतातल्या झोपडीत त्यावर इलाज नाही.

'बधाई हो'तल्या प्रकाराची चेष्टा खूप झाली, पण तो काही दुर्मीळ नाही. चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होऊ लागते. बाई म्हणते, आता संपले. बीज मात्र मधूनच सुटत असते. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष उपाय चालू ठेवावा. चाळिशीत दिवस राहिले तर बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता शंभरात एक एवढी, पंचेचाळिशीत तिसात एक एवढी होते. त्यासाठी रक्ताची तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात करतात. मुलांना कसे सांगावे या संकोचात नेमके तेच आठवडे निघून जातात.

'सलाम नमस्ते'मधला एक धागा मात्र कोणाच्या फारसा लक्षात राहिलेला नाही. नायिकेच्या रक्तात थॅलेसेमियाचा वाहक दोष निघतो आणि बाळाच्या बापाचेही रक्त तपासायला हवे असे तिला सांगतात. नायक आधी टाळतो. आपल्या विदर्भात थॅलेसेमियाच्या जागी सिकलसेल वाचावे. आदिवासी समाजात आणि इतरही काही समाजांत हा दोष मोठ्या प्रमाणावर आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, म्हणून त्याला पटत नाही. ज्या बाईला स्वतःलाच सिकलसेलचा आजार आहे तिने माला-एनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, तिला अंतरा इंजेक्शन अधिक मानवते. आणि तिला दिवस राहिले तर, ते हवेसे असोत वा नसोत, त्याच आठवड्यात यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात नाव घालावे.

पहिली चाचणी आरोग्य केंद्रात होते. दोष दिसला तर पक्क्या तपासणीसाठी नमुना पुढे जातो आणि दोघेही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी अकराव्या आठवड्यानंतर करावी लागते. एवढे सगळे बसवायचे असेल तर नोंदणीच्या पहिल्याच भेटीला नवऱ्यानेही सोबत यावे. त्याच्या बोटातून थेंबभर रक्तच घेतात.